चौदा जणांचं रविवारचं जेवण आणि एकोणीस महिन्यांची मुलगी: जागा कोणाला धरून ठरवायची?

शरणपूर रोडची आई:
येत्या रविवारी सासऱ्यांची पंचाहत्तरी आहे. आम्ही चौदा जणं, त्यात माझी मुलगी एकोणीस महिन्यांची. बाहेर जेवायचं हे ठरलंय पण कुठे यावरून तीन दिवस घरच्या ग्रुपवर वाद चाललाय. माझं मत असं की जागा बाळाला धरूनच निवडावी, कारण ती रडायला लागली की एकट्या माझं नाही, चौदाच्या चौदा जणांचं जेवण बिघडतं.

आणि लहान मुलांसाठी चांगलं हॉटेल म्हणजे घसरगुंडी आणि रंगीत बॉलचा खड्डा नव्हे हो. एवढ्याशा पोरीला त्यात एकटं सोडताच येत नाही, मलाच आत जाऊन बसावं लागतं. मागच्या महिन्यात असाच किड्स झोन बघून एका हॉटेलात गेलो (नाव घेत नाही), हाय चेअर एकच आणि तिचा पट्टा तुटलेला, शेवटी ओढणीने बांधून बसवलं, मऊ भात सांगितला तो पन्नास मिनिटांनी आला तोपर्यंत ती झोपेला आली होती, आणि डायपर बदलायला बाथरूममध्ये साधी फळी नाही म्हणून गाडीच्या मागच्या सीटवर बदलला, भर उन्हात.

म्हणून मी म्हणतेय थाळीवाल्याकडे जाऊ. बसलं की पाच मिनिटांत वरण, भात, तूप, फुलका समोर. नाशिककरांनो, तुम्हाला काय वाटतं?

इंदिरानगरचा काका:
ताई, पटलं नाही. पंचाहत्तरी बाळाची नाही, आजोबांची आहे. रविवारी एक वाजता थाळीवाल्याकडे गेलात तर बाहेर रांग, चौदा जणांना एकत्र टेबल मिळत नाही, चार-चार करून बसवतात आणि शेवटचा घास तोंडात असतानाच पुढची मंडळी खुर्चीमागे येऊन उभी राहतात. ज्या माणसासाठी हे सगळं चाललंय त्याला दोन तास निवांत बसून नातवंडांशी बोलता आलं पाहिजे की नाही? बाळाचं जेवण घरून डब्यात न्या. दहीभात, उकडलेला बटाटा. आमच्या दोन्ही मुली अशाच वाढल्या.

मखमलाबादकर:
दुपार सोडा ना, सकाळी नऊला मिसळीला जा. चुलीवरच्या मिसळीचं ‘साधना’ हॉटेल आहे, मखमलाबादकडे द्राक्षबागेतल्या जागा आहेत, मोकळं अंगण, पोरं मातीत खेळतात आणि मोठ्यांचं रविवारच्या मिसळीशिवाय भागतच नाही. बाळ सकाळी फ्रेश असतं. हॉलमधल्या एसीत कोंडून ठेवण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं.

सिडकोची मावशी:
मोकळी जागा कबूल, पण दीड वर्षाच्या मुलाला घेऊन मिसळ नको. उकळता रस्सा अगदी टेबलाच्या कडेला येतो, बाळ हात मारतंच. फरसाण, शेंगदाणे तर या वयाला मुळीच नाहीत, घशात अडकतात. आणि आत्ता द्राक्षांचा सीझन आहे म्हणून मुद्दाम सांगते, कुणीतरी प्रेमाने बाळाच्या हातात अख्खं द्राक्ष देतंच. देऊ नका. उभे चार तुकडे करून द्या, पाच वर्षांपर्यंत तरी. ते गोल असतं आणि मऊ असल्याने श्वासनळीत घट्ट बसतं. नाशिकमध्ये राहून आपल्यालाच याचं भान नाही याचं वाईट वाटतं.

काका, तुमचा डबा मला मान्य आहे. पण बाळ ताटाकडे बघून रडतं ते भुकेने नाही, सगळे जे खातायत ते त्यालाही हवं असतं.

कॉलेज रोड, हॉटेल लाइन:
बारा वर्षं या धंद्यात आहे, आमची बाजूही ऐका. रविवारी एक ते तीन किचनला श्वास घ्यायला वेळ नसतो. त्या वेळात मऊ खिचडी मागितली की वेगळा कुकर लावावा लागतो, पंचवीस मिनिटं जाणारच. त्यापेक्षा फोडणी न दिलेली साधी डाळ मागा, ती प्रत्येक किचनमध्ये शिजवून तयार असते. भातावर घालून तूप सोडलं की झालं, पाच मिनिटांचं काम. आणि बाराला या, एकला नाही. फोन शुक्रवारी करा, कोपऱ्यातलं टेबल आणि चेअर तेव्हाच मागून ठेवा.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो, पोरांना टेबलांमधल्या वाटेत पळू देऊ नका. पोऱ्याच्या हातात गरम सिझलर असतो, त्याला खाली गुडघ्याएवढं मूल दिसत नाही.

पंचवटीचा बाबा:
एवढं डोकं कशाला लावता, वीस मिनिटं मोबाईलवर गाणी लावून द्या, सगळे शांतपणे जेवतील.

सिडकोची मावशी:
दादा, जागतिक आरोग्य संघटनेने 2019 सालीच सांगितलंय, दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको. आणि मोबाईल बघत बघत घास घ्यायची सवय लागली की नंतर घरीही त्याशिवाय तोंड उघडत नाहीत. दोन चमचे आणि एक रिकामी वाटी द्या, तेवढाच वेळ खेळतं.

पंचवटीचा बाबा:
रोज नाही म्हणत मावशी, वर्षातून एखाद्या दिवशी. आईलाही गरम जेवण मिळालं पाहिजे ना. ते कुणीच बोलत नाहीये इथे.

शरणपूर रोडची आई:
हे शेवटचं वाचून डोळ्यात पाणी आलं दादा. तरी मोबाईल नाही देणार, पण नवऱ्याला सांगितलंय, पहिली पंधरा मिनिटं पोरगी त्याच्याकडे, मी आधी जेवणार.

थाळी सोडली. काकांचं म्हणणं खरं आहे, सासऱ्यांना विचारलंच नव्हतं कुणी. विचारलं तर म्हणाले गर्दी नको, खाली उतरायला पायऱ्या नकोत, बाकी काहीही चालेल. गंगापूर रोडला तळमजल्यावर एक साधं हॉटेल बघून आले आज, बाराचं बुकिंग, भिंतीकडेचं टेबल, साधी डाळ आधीच सांगून ठेवली. लॉनवर बसा म्हणत होते पण मार्चमध्ये दुपारी कोण बसेल. डायपरला मात्र तिथेही जागा नाही. मॅनेजरला विचारलं तर म्हणाले, तुमच्या आधी कुणी मागितलीच नाही. एक फळी आणि दोन बिजागऱ्या, मागत का नाही आपण सगळे?

इंदिरानगरचा काका:
फळीला माझा पाठिंबा. पण जागा बाळाला धरून निवडावी हे अजूनही मान्य नाही, बघा, शेवटी निवडलीत ती आजोबांच्या पायऱ्यांवरूनच. त्यांना माझा नमस्कार सांगा.