कानबाईची यादी फोनवर अर्धीच दिसते

मंडळी, मी अमळनेरला आलेय, लॅपटॉप अमेरिकेत एडिसनलाच राहिला. आपल्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या रोटांची, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांसाठी घरोघरच्या धान्याची, यादी उघडली तर फोनवर नुसतं नाव अन् गाव. धान्याचा रकाना नाही, 'जतन करा'चं बटणही नाही. तीन घरांची नावं माझ्याकडे आहेत, यादी शुक्रवारी बंद होतेय. काय करू?
— माई

रि:
माई, अँड्रॉइड ना तुमचा? क्रोममध्ये वर उजवीकडे तीन टिंबं आहेत ती दाबा, खाली 'डेस्कटॉप साईट' आहे, तिथे खूण करा. पान नव्यानं उघडतं, म्हणून आधी काही भरू नका. गणपतीला माझी भरलेली नऊ नावं अशीच पुसली गेली, परत सगळ्यांना फोन करावे लागले.
— पाचोऱ्याच्या वहिनी

रि:
केलं वहिनी. अक्षरं मुंगीएवढी झाली, रकाना काही आला नाही.
— माई

रि:
आयफोनवाल्यांनी काय करायचं?
— काकू

रि:
काकू, सफारीत पत्त्याच्या पट्टीतलं बटण दाबा, 'रिक्वेस्ट डेस्कटॉप वेबसाईट' सापडेल.

माई, पत्त्याच्या सुरुवातीला 'एम' आणि टिंब आहे का बघा. खूण केली की ब्राउझर साईटला सांगतो, मी संगणक आहे, आणि पान साधारण 980 पिक्सेल रुंद धरून मांडतो. पण ग्रुपवर फिरलेला पत्ताच फोनच्या पानाचा असला तर तेच पान पुन्हा येणार. 'एम.' खोडा, फोन आडवा धरा.
— आप्पा

रि:
आप्पा, पत्ते खोडायला सांगू नका. फोनवरचा तक्ता मी मुद्दाम छोटा ठेवलाय. मागच्या वर्षी लोकांनी बोटानं सरकवता सरकवता दुसऱ्याच घराच्या ओळीत धान्य भरलं. रात्री दोनपर्यंत जुळवत बसलो होतो. माई, नावं मला पाठवा, मी भरतो.
— भाऊ

रि:
भाऊ, तुमची मेहनत सगळ्यांना माहीत आहे. पण रोटाचं धान्य ज्या-त्या घराचं असतं, ते दुसऱ्यानं अंदाजानं भरायचं नाही. रकाना लपवलात तर तसं यादीवर लिहायचं होतं.
— आप्पा

रि:
अन् किलोचा रकाना ठेवला कोणी? आमना घर किलो नही, मूठ शे. माणशी सव्वा मूठ, आजीपासून तेच. विसर्जनाचंही बोलून घ्या. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सोमवारी सकाळी निघते. सोमवारी तिकडे अमेरिकेत सुट्टी नाही म्हणून रविवारीच उरकायचं, हे मला पटलेलं नाही.
— नाना

रि:
नाना, विसर्जनाचं वेगळ्या मेलमध्ये काढा, इथे माईंचं राहून जाईल.
— पाचोऱ्याच्या वहिनी

रि:
आप्पा, 'एम.' खोडलं, फोन आडवा केला, बटण आलं. तिन्ही घरं भरली, ओळी दोनदा तपासल्या. भाऊ, किलोच्या रकान्यात मी 'सव्वा मूठ' लिहिलंय. ते तसंच राहू द्या.
— माई