मेकेत्रेच्या नावा : सेवकांचे जीवन की धन्याची हौस?

धागाकर्ता :
प्राचीन इजिप्तमधील थेब्स शहराजवळच्या डोंगरात मेकेत्रे या राजदरबारी अधिकाऱ्याचे थडगे आहे. 1920 साली हर्बर्ट विनलॉक यांच्या उत्खननात तेथे एक बुजवलेली चिंचोळी कोठडी सापडली आणि तिच्यातून सुमारे चार हजार वर्षे कोणाचाही हात न लागलेल्या 24 लाकडी प्रतिकृती बाहेर आल्या. त्या आता कैरो आणि न्यूयॉर्क येथील संग्रहालयांत विभागलेल्या आहेत. त्यांत बऱ्याच होड्या आहेत. एका होडीवर मेकेत्रे कमळ हुंगत बसला आहे आणि शेजारी वादक व गायक आहेत. होडीवरच्या खोलीतील पलंगाखाली प्रवासाच्या पेट्या सरकवलेल्या आहेत आणि त्यांपाशी एक नोकर उकिडवा बसला आहे. मागून स्वयंपाकाची स्वतंत्र होडी येते. तिच्यावर एक बाई दगडी पाट्यावर धान्य रगडते, कोणी कणीक तिंबते आणि खोलीत मांसाचे तुकडे टांगलेले दिसतात. इजिप्तमधील सामान्य सेवकाचा दिवस कसा जात असे, हे पाहण्यासाठी याहून चांगला पुरावा नाही, असे माझे मत आहे. पिरॅमिडांवर आपण पुष्कळ बोलतो. या होड्यांवरही थोडे बोलावे.

जुनी वही :
आपले वर्णन सुरेख आहे, पण निष्कर्ष मला मान्य नाही. या होड्यांवर सेवा दिसते, सेवक दिसत नाही. धन्याने मरणोत्तर आयुष्यासाठी जे मागवून घेतले, तेच सुताराने कोरले आहे. त्यामुळे तेथे कोणी आजारी नाही, कोणी म्हातारे नाही, कोणी उलटून बोलत नाही. धान्य रगडणाऱ्या त्या बाईचे नाव आपल्याला ठाऊक नाही, आणि ते कोणाला सांगावेसेही वाटले नसावे. इजिप्शियन कथांच्याच एका जुन्या पपायरसमध्ये, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरील हस्तलिखितात, मोलकरणीची हकीकत आहे. मालकिणीने तिला मारविले, म्हणून ती राजाकडे चुगली करायला निघते. वाटेत भेटलेला तिचा भाऊही तिला तागाच्या जुडीने बडवतो आणि शेवटी पाणी आणायला गेली असता मगर तिला ओढून नेते. कथा रचलेली आहे हे मान्य. तरी मार खाणारी मोलकरीण श्रोत्यांना नवलाची वाटत नसावी, एवढे त्यातून नक्की कळते. मेकेत्रेच्या होडीवरून ते कधीच कळले नसते.

वल्हेकरी :
आपण दोघेही होडीवरचे सगळे लोक एका माळेत ओवत आहात. घरकाम करणारा नोकर वेगळा आणि सरकारी नावेवरचा खलाशी वेगळा. तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ येथे 2013 मध्ये पिएर तालेत यांच्या चमूला गिझाचा थोरला पिरॅमिड बांधवणाऱ्या खुफू राजाच्या काळातील पपायरस सापडले. त्यांत मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. त्याच्या हाताखाली सुमारे 40 माणसे होती. नाईलपलीकडच्या तुरा येथील खाणीतून चुनखडीचे दगड होडीत भरायचे, गिझाला पोहोचवायचे आणि रिकाम्या होडीने परत यायचे, असा त्यांचा क्रम होता. पुरवल्या जाणाऱ्या धान्याचे हिशेबही त्याच कागदांत आहेत. ही माणसे कोणा एकाच्या मालकीची नव्हती, म्हणून सरसकट ‘गुलाम’ म्हणणे मला चुकीचे वाटते. प्राचीन इजिप्शियन भाषेत ‘हेम’ हा शब्द सेवकासाठी येतो, आणि देवाच्या पुजाऱ्यालाही ‘देवाचा हेम’च म्हणत. आपल्याकडे ‘दास’ शब्दाचे असेच आहे. रामदास म्हटल्याने कोणी वेठबिगार ठरत नाही.

जुनी वही :
शब्दाचा मुद्दा मान्य. परंतु रोजनिशी मुकादमाची आहे, वल्हे धरणाऱ्याची नाही. दगड किती आणि कोठे नेले याचा तो हिशेब आहे. ब्रुकलिन संग्रहालयातील एक पपायरस पाहा. त्याच्या एका बाजूस सेनेबतिसी नावाच्या बाईच्या ताब्यातील नव्वदीच्या वर सेवकांची यादी आहे. त्यांतील पुष्कळ लोक पश्चिम आशियातील आहेत. त्यांच्या मूळ परकी नावांपुढे नवे इजिप्शियन नाव लिहिलेले आहे आणि जोडीला काम : विणकर, स्वयंपाकी वगैरे. दुसऱ्या बाजूस सरकारी वेठीतून पळून गेलेल्यांच्या नोंदी आहेत, आणि पळालेल्याच्या घरच्यांना सोडून देण्याचे हुकूम आहेत. म्हणजे तोवर घरच्यांना अडकवून ठेवलेले होते! ‘मालकीची नव्हती’ या वाक्याला अशा घरातील माणसाने काय उत्तर दिले असते?

धागाकर्ता :
‘याहून चांगला पुरावा नाही’ हे माझे विधान मी मागे घेतो. होड्या मात्र सोडत नाही. नाईल उत्तरेकडे वाहते आणि वारा बहुधा उत्तरेकडून येतो. म्हणून दक्षिणेकडे जाताना शीड उभारायचे आणि उत्तरेकडे येताना ते उतरवून वल्ही मारायची. थडग्यांत या दोन्ही तऱ्हांच्या होड्या ठेवलेल्या आढळतात. परतीच्या प्रवासातील वल्हेकऱ्यांची रांग पाहिली की कष्ट कोणाच्या अंगावर पडत ते दिसते, कोरणाऱ्याच्या मनात काहीही असो. शिवाय ‘मी भुकेल्याला भाकरी दिली, होडी नसलेल्याला होडी दिली’ असे पुण्य थडग्यात नोंदवण्याची तेथे रीत होती. होडी नसणे ही अन्न नसण्याच्या पंक्तीत बसणारी लाचारी होती.

वल्हेकरी :
मग शब्ती बाहुल्यांचाही, म्हणजे मृतासोबत थडग्यात ठेवल्या जाणाऱ्या छोट्या सेवक-मूर्तींचाही, विचार करावा लागेल. परलोकात मृताला वेठीसाठी हाक आली तर त्यांनी ‘मी हजर आहे’ म्हणून पुढे यायचे. त्यांच्यावर लिहिलेल्या मंत्रातील कामांत पूर्वेची वाळू पश्चिमेस नेणे हेही एक आहे. पुढे त्यांची संख्या 401 ठरली : वर्षाच्या दिवसांइतके 365 कामकरी आणि त्यांच्यावर 36 मुकादम, काहींच्या हातात चाबूक. लंडनमध्ये अशाच 401 बाहुल्यांच्या विक्रीची पावती जपलेली आहे. त्या बनवणारा कारागीर लिहून देतो की चांदी मिळाली, आता यांनी मृतासाठी तत्परतेने राबावे. बाहुल्यांच्या कामाचे दाम कारागिराने खिशात घातले.