ट्रान्समचं प्लाय बदललं, पण आतली बाजू वाकडी आलीय. घासू की भरू?

खाडीकर: नमस्कार मंडळी. २२ फुटी फायबरची होडी, मागे ४० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन. ट्रान्समचं (इंजिन टांगतात ती मागची आडवी भिंत) जुनं प्लाय कुजून भुसा झालं होतं. मिस्त्रीने आतून कापून १८ मिमीचे दोन थर बसवले, वर काचतंतूंची मॅट आणि रेझिन मारलं. आता सरळ पट्टी धरली की मधे टेकते आणि डाव्या कडेला दोन सूत उजेड दिसतो. बोल्ट आवळला की वॉशर एकाच अंगावर बसतो. बजेट ८ हजार. नारळी पौर्णिमेआधी पाण्यात टाकायची आहे.

सागरपुत्र: ८ हजारात चहापाणी होईल दादा. मी ट्रान्सम पूर्ण फोडून आत प्लायऐवजी जड फोमच्या कोअरचा (गाभ्याचा) करून घेतला. खर्च विचारू नका, पण कुजायची कटकट कायमची गेली.

खाडीकर: प्लाय बसलंय हो. प्रश्न उंचसखलपणाचा आहे.

आबा_रापणवाले: तुका सांगतंय, ह्या प्लायच्या नादाक लागा नको. आमच्या टायमाक सागाची फळी, पिढी गेली तरी हलली नाय.

लाटांवर: आबा, लाकडी होडीत ठीक आहे. फायबरमध्ये कोंडलेला जाड साग फुगला-आकसला की थर सुटतो. प्लाय आयएस ७१० चं, म्हणजे खऱ्या मरीन प्लायच्या मानकाचं आहे ना ते आधी बघा. दुकानदार साधं ३०३ सुद्धा मरीन म्हणून गळ्यात मारतात.

वल्हेकरी: घासायच्या आधी ठोकून बघा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने, इंच-इंच. टणटण आलं तर मिस्त्रीने क्लॅम्प नीट न लावल्यामुळे नुसता आकार वाकडा आलाय. डबडब आलं तर प्लाय आणि बाहेरचा थर यांत पोकळी आहे, तिथे वरून कितीही भरा, उपयोग शून्य. भरीव असेल तर उंच भाग घासू नका, ताकदीची मॅट तीच आहे. सखल बाजू उचला. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडा, इपॉक्सीत चिरलेले काचतंतू आणि सिलिका घालून श्रीखंडाइतकं घट्ट करा, थापा, आणि त्यावर मेण लावलेला सनमायकाचा सपाट तुकडा दाबून क्लॅम्प करा. दुसऱ्या दिवशी काढलात की पाटासारखं सपाट.

किनारा_मित्र: टॅल्क पावडर घालून पुट्टी करा, १०० रुपयांत काम.

वल्हेकरी: दिसायला चालेल. बोल्टखाली टॅल्कची पुट्टी चिरडते.

किनारा_मित्र: माझी चाललीय.

सागरपुत्र: पावसात इपॉक्सी सुकतच नाही. माझं चिकटच राहिलं होतं, हार्डनर दुप्पट घातला तरी.

लाटांवर: दुप्पट घातला म्हणूनच! हार्डनर कमीजास्त करून वेळ जुळवणं पॉलिस्टर रेझिनला चालतं, तेही टक्का-दोन टक्क्यांच्या आत. इपॉक्सीत प्रमाण चुकलं की कायमचं मऊ. आणि दमट हवेत वर मेणचट थर येतो तो वेगळा. पाणी आणि हिरव्या घासणीने धुवा, मगच पुढचा हात.

सागरपुत्र: आम्ही काय नवशिके आहोत का?

आबा_रापणवाले: साग घातला असता तर हा वादच नाय.

वल्हेकरी: राहिलंच. बोल्टची भोकं मोठी पाडा, इपॉक्सीने भरा, मग नेमक्या मापाने परत पाडा. पाणी तिथूनच प्लायमध्ये शिरतं. जुनंही तिथूनच कुजलं असणार.

किनारा_मित्र: तेच सांगणार होतो, भोकं सील करा.

खाडीकर: सगळ्यांचे आभार. ठोकून बघितलं, सगळीकडे टणटण आहे. भोकं वल्हेकरी म्हणतात तशी करून घेतली. बाकी भरत बसत नाही. आमच्या गॅरेजवाल्याकडे ६ मिमीची अॅल्युमिनियम प्लेट पडून होती, ती आतून लावतोय, खाली पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटचा जाड थर. १,४०० रुपयांत झालं.

लाटांवर: स्टीलचे बोल्ट, अॅल्युमिनियमची प्लेट आणि खारं पाणी? बोल्टभोवतीच गंजून खाल्ली जाईल प्लेट.

खाडीकर: बोल्टला नायलॉनचे बुश घालतोय. हा सीझन निघाला तरी बस, पुढच्या मासेमारी बंदीत बघू.

सागरपुत्र: पुढच्या बंदीत फोम घाला. माणूस मी देतो.