दोन एकर गवत, चार महिने पाऊस: बसून चालवायची लॉन मोअर घ्यावी का, आणि कोणती?

डोंगरकडेचा मुलुंडकर

आमची वसाहत मुलुंड पश्चिमेला, राष्ट्रीय उद्यानापासून फार लांब नाही. मधलं मैदान आणि इमारतींमागचे उताराचे तुकडे धरून गवताखालची जागा दोन एकर भरते, म्हणजे ८० गुंठे. मुंबईत एवढी मोकळी हिरवी जागा आता कुठे उरली आहे? ती नीट राखली जावी असं मला मनापासून वाटतं. आतापर्यंत एक हातमशीन, एक माळी आणि पावसाळ्यात ब्रश कटरवाले (खांद्यावर घ्यायच्या यंत्राने गवत छाटणारे) कंत्राटी कामगार, असं भागत होतं. आता सर्वसाधारण सभेपुढे तीन पर्याय आहेत: ४२ इंची डेकचा (डेक म्हणजे मशीनखालचं पात्यांचं खोकं) लॉन ट्रॅक्टर, झिरो-टर्न म्हणजे जागच्या जागी वळणारी मशीन, किंवा आहे तेच कंत्राट वाढवणं.

मी लॉन ट्रॅक्टरच्या बाजूने आहे. २१ इंची हातमशीन एका फेरीत ५३ सेंटिमीटर रुंदीचं गवत कापते. आठ हजार चौरस मीटर कापायला माणसाला १५ किलोमीटर चालावं लागतं, आणि फेऱ्या एकमेकींवर थोड्या चढवाव्याच लागतात, ते धरून १७-१८. हे एका कापणीचं. पावसाळ्यात गवत आठवड्याला दोनदा कापायचं तर सलग उघडीप हवी, आणि दोन दिवसांची उघडीप जुलैत मिळेलच असं नाही. ४२ इंची मशीन तेच काम दोन तासांच्या आत करते, म्हणजे सकाळी पाऊस थांबला, दुपारी जमीन थोडी निथळली की संध्याकाळपर्यंत मैदान मोकळं.

विक्रेते येतात आणि हॉर्सपॉवर सांगतात. दोन एकरांना १७ हॉर्सपॉवर पुरे. बॉनेटचा रंग कुठलाही असो, खाली इंजिन बहुतेक वेळा ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन, कावासाकी नाहीतर कोहलरचंच निघतं. त्यामुळे माझा पहिला प्रश्न असतो: मशीन जुलैत बंद पडली तर सुटे भाग ठाणे-भिवंडीत मिळतील, की दिवाळीनंतर बोटीने येतील? एका विक्रेत्याने या प्रश्नाचं उत्तर दोनदा टाळलं, त्याचं नाव मी यादीतून काढलं आहे.

नागदेवीचा बेअरिंगवाला

सुट्या भागांचा प्रश्न बरोबर विचारलात, पण इंजिनाशी थांबलात. या मशिनी मरतात त्या गिअरबॉक्सने.

स्वस्त लॉन ट्रॅक्टरमध्ये हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा गिअरबॉक्स असतो. पॅडल दाबलं की चालते, क्लच नाही, गिअर नाही, म्हणून सगळ्यांना आवडतो. त्यातला सर्रास आढळणारा म्हणजे टफ टॉर्कचा के-४६, अनेक कंपन्यांच्या स्वस्तातल्या मॉडेलांत तोच. तो सपाट अंगणासाठी बनवलेला आहे. सतत चढ चढवला की आतलं तेल तापतं, पातळ होतं आणि मशीन चढावर ओढ सोडते. तो सीलबंद असतो, तेल काढायला खाली बूच नाही. तेल बदलायचं तर अख्खा बॉक्स उतरवून उलटा करायचा. ज्या घरमालकाला डोळ्यासमोर ठेवून तो केला, तो वर्षाला तीस-चाळीस तास चालवतो. तुमचा हिशेब मांडा: पावसाळ्याचे १७-१८ आठवडे, दोनदा कापणी, दर वेळी दोन तास, झाले ७०. उरलेल्या आठ महिन्यांत महिन्यातून दोनदा धरलं तरी १०० तास होतात. आणि तुम्हीच उताराचे तुकडे म्हणता आहात.

उतार असेल तर वजनदार वर्गातला, तेल आणि फिल्टर बाहेरून बदलता येणारा गिअरबॉक्स मागा. पैसे जास्त जातील. नसतील तर सपाट भागच मशिनीने कापा, उताराला हात लावू नका.

बाकी स्पिंडलचं (पातं ज्यावर फिरतं त्या दांड्याचं) बेअरिंग बऱ्याच डेकना ६२०३ नंबरचं लागतं, ते नागदेवीच्या बाजारात कुठल्याही दुकानात मिळेल. डेकचा बेल्ट मात्र तसा नाही. आत अरामिड या मजबूत धाग्याचा दोर असतो आणि लांबीही आडमाप. साधा व्ही-बेल्ट घातला तर पाती जोडताना-सोडताना घसरून जळतो. मशिनीसोबतच दोन जादा बेल्ट घेऊन ठेवा.

वाडीवाला अलिबागकर

दोघांशीही असहमत. तुमच्या मैदानात झाडं असणारच. लॉन ट्रॅक्टरला झाडाभोवती वळायला जागा लागते, मागे-पुढे करण्यात वेळ जातो आणि बुंध्याजवळचं गवत तरीही उरतं. झिरो-टर्नच्या मागच्या दोन्ही चाकांना वेगवेगळा हायड्रॉलिक पंप असतो. एक चाक पुढे, एक मागे, मशीन जागच्या जागी फिरते. आमच्या वाडीत नारळ आणि आंब्यांच्या रांगांमधून मी झिरो-टर्न चालवतो, नंतर ब्रश कटरने करायचं काम अगदी थोडं राहतं. शिवाय बऱ्या झिरो-टर्नचा डेक जाड पत्र्याचा, वेल्डिंग केलेला असतो. लॉन ट्रॅक्टरचा बहुधा एकाच पत्र्यातून दाबून काढलेला. खाऱ्या हवेत ओलं गवत चिकटून राहिलं की तो पातळ पत्रा आधी खाल्ला जातो. टिकाऊपणा बघायचा तर डेकखाली हात घालून बघा.

नागदेवीचा बेअरिंगवाला

वाडी सपाट आहे ना तुमची? झिरो-टर्नची पुढची चाकं नुसती फिरती असतात. त्यांना ना ब्रेक, ना स्टिअरिंग. पकड सगळी मागच्या दोन चाकांवर. ओल्या उतारावर ती चाकं घसरली की वळवायलाही काही उरत नाही आणि थांबवायलाही. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत १५ अंशांच्या वरच्या उतारावर बसायची कुठलीही मशीन नेऊ नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं. ओल्यात तर त्याच्या आधीच थांबायला हवं. डेकचं तुमचं म्हणणं मात्र पटलं. प्रत्येक कापणीनंतर डेकखालचं गवत खरवडायचं आणि सुकू द्यायचं, हे माळ्याच्या कामात धरलं नाही तर कुठलाच डेक पाच पावसाळे काढणार नाही.

मुरबाडचा शेतकरी

तुम्ही शहरातली माणसं परदेशी मशिनीच्या मागे का लागता ते कळत नाही. १५ हॉर्सपॉवरचा देशी मिनी ट्रॅक्टर घ्या, मागे पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर) चालणारा मोअर जोडा. डिझेल इंजिन, मेकॅनिक प्रत्येक तालुक्याच्या गावी, पार्ट त्याच दिवशी हातात. गवत नसेल तेव्हा ट्रॉली लावून पालापाचोळा ओढेल, टाकीचं पाणी झाडांना घालेल. तुमची लॉन मशीन सहा महिने ताडपत्रीखाली बसून राहणार.

पेट्रोलचंही बघा. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ब्रिग्जसारख्या इंजिनांच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच चालेल असं लिहिलेलं आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. टाकीत पेट्रोल ठेवून मशीन दोन महिने उभी राहिली तर कार्ब्युरेटर साफ करायलाच माणूस बोलवावा लागणार, आणि इंजिनाचं काही झालं तर वॉरंटीवाला याच कलमावर बोट ठेवणार.

हरळी

शेतकरीदादा, पेट्रोलबद्दल तुम्ही बोललात ते इथे सगळ्यांनी लिहून घ्यावं. पण मिनी ट्रॅक्टरचं वजन पाऊण टनाच्या घरात जातं. मुंबईत एकट्या जुलैत ८०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्या जमिनीवर पाऊण टन फिरवला तर ती भाताची चिखलणीच होईल. लॉन ट्रॅक्टर २०० किलोचा आणि वर माणूस. तोही भिजल्या मातीत चाकोऱ्या पाडतो, फक्त कमी खोल. माती एकदा दाबली गेली की पाणी मुरत नाही, हरळी मागे पडते आणि तिथे लव्हाळा येतो. मग त्या लव्हाळ्यामागे तुम्ही वर्षानुवर्षं धावणार.

माझा विरोध मुळातच दोन एकर कापण्याला आहे. मुलं खेळतात तेवढा भाग कापा, तो एकराच्या आतच असेल. उताराचे तुकडे वाढू द्या. तिथलं गवत माती धरून ठेवतं, फुलपाखरं, टोळ, मुनिया येतात. ऑक्टोबरात बी पडल्यावर एकदा कापा. उरलेल्या जागेला चांगली हातमशीन पुरते. यंत्र घेतलं की ते वापरण्यासाठी गवत शोधलं जातं, असं मी दोन सोसायट्यांमध्ये पाहिलं आहे.

डोंगरकडेचा मुलुंडकर

हरळीताई, उताराबद्दल विचार करायला लावलंत. पण मैदान कापणं सोडलं की काय होतं तेही बघायला हवं. शिवाजी पार्कला गवत गेलं, लाल माती उरली, आणि आजूबाजूचे रहिवासी वर्षानुवर्षं धुळीची तक्रार करताहेत. खेळाच्या मैदानावर गवत टिकवायचं तर ते नियमित आणि थोडं थोडंच कापावं लागतं, एका वेळी पात्याच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त नाही. सात सेंटिमीटर ठेवायचं असेल तर दहाच्या आसपास असतानाच मशीन फिरली पाहिजे. कंत्राटदार येतो तेव्हा गवत गुडघ्याला लागलेलं असतं, आणि तो ते मुळाशी खरवडतो. मैदानावरचे टकले डाग तिथून आले आहेत.

शेतकरीदादांना एवढंच सांगतो की आमच्याकडे मिनी ट्रॅक्टर उभा करायला जागा नाही, आणि इमारतींमधून तो वळणारही नाही.

माळ्याची लेक

इतका वेळ वाचते आहे. गिअरबॉक्स झाला, बेल्ट झाला, लव्हाळा झाला. ब्रश कटर ज्याच्या खांद्यावर असतो त्याच्याबद्दल अजून कुणी बोललं नाही.

माझ्या वडिलांनी हेच काम आयुष्यभर केलं. टू-स्ट्रोकचा धूर तोंडावर, नायलॉनच्या दोरीने उडणारी खडी पायांवर, आणि संध्याकाळी हाताला इतक्या मुंग्या की कपाची पकड सुटायची. "आहे तेच कंत्राट वाढवणं" हा पर्याय स्वस्त दिसतो, कारण त्याची किंमत त्या माणसाच्या अंगावर लिहिली जाते आणि सोसायटीच्या ताळेबंदात येत नाही. हातमशीन पुरते असं हरळीताई म्हणतात. तुमच्या एका एकराचीही आठ-नऊ किलोमीटर चाल होते, आठवड्यातून दोनदा, दमट हवेत.

आणि उंच गवत इमारतीलगत नको. राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूला घोणस असते, पावसाळ्यात उंदरांच्या मुतातून लेप्टो पसरतो, आणि त्या गवतात अनवाणी किंवा फाटक्या बुटांनी सगळ्यात आधी माळीच शिरतो. उतारावर वाढवायचं तर भिंतीपासून लांब वाढवा.

म्हणून मी राइड-ऑनच्या, म्हणजे बसून चालवायच्या मशिनीच्या बाजूने आहे, पण काही गोष्टी ठरावात लिहून. चालवणाऱ्याला रीतसर शिकवा. सीटखाली स्विच असतो, माणूस उठला की पाती थांबतात. तो वायर जोडून बंद करण्याची सवय सगळीकडे आहे, ती तुमच्याकडे होऊ देऊ नका. मशीन चालू असताना मैदानात मूल नको, विशेषतः मागे घेताना. कानाला संरक्षण द्या, चालवणाऱ्याच्या कानाशी आवाज ९० डेसिबलच्या आसपास जातो. आणि मशीन आली म्हणून माळ्याचे दिवस कापू नका. दोन तासांत कापून झालं तर उरलेल्या वेळात झाडांची आळी, कुंपण, कंपोस्ट ही कामं आहेतच.

हरळी

माळ्याची लेक, भिंतीलगतचं गवत कापावं हे मान्य, आणि ब्रश कटरचं तुम्ही लिहिलंत ते मी धरलं नव्हतं. तरी चाकोऱ्यांचा प्रश्न उरतोच. घ्यायचीच असेल तर रुंद टर्फ टायरची (गवतावर कमी रुतणाऱ्या टायरची) घ्या, हवा कंपनीने सांगितली आहे तेवढीच ठेवा आणि दर वेळी कापायची दिशा बदला. मल्चिंग किट (गवत बारीक करून तिथेच टाकणारं) पावसाळ्यात उपयोगाचं नाही, ओल्या गवताचा लगदा डेकमध्येच अडकतो. बाजूने फेकणारा डेक घ्या आणि दुसऱ्या दिवशी दंताळ्याने ओढून कंपोस्टला घाला.

वाडीवाला अलिबागकर

बॅटरीवरच्या मशिनीचं कुणी नाव काढलं नाही. इथेनॉलची कटकट नाही, आवाज कमी. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, तक्रार करणारे शेजारी तुमच्याकडेही असतील.

नागदेवीचा बेअरिंगवाला

बॅटरी गेली की अर्ध्या मशिनीचे पैसे, आणि इथे ती बदलून देणारा मला अजून भेटलेला नाही. पाच वर्षांनी विचार करा.

डोंगरकडेचा मुलुंडकर

मी सभेपुढे आता बदललेला प्रस्ताव ठेवतो आहे. राइड-ऑन फक्त सपाट मैदानासाठी, ४२ इंची लॉन ट्रॅक्टर, बाजूने फेकणारा डेक. उताराचे वरचे तुकडे वाढू द्यायचे, भिंतीलगत चार मीटर कापायचं. विक्रेत्याने कोटेशनवर गिअरबॉक्सचं मॉडेल लिहून द्यायचं, २० टक्के इथेनॉलवर वॉरंटी चालते की नाही तेही लेखी. आणि प्रात्यक्षिक जुलैत, आमच्याच ओल्या मैदानावर. जो मार्चमधल्या कोरड्या गवतावर दाखवून ऑर्डर मागेल त्याला नाही म्हणायचं. जुलैत कुणीच यायला तयार झाला नाही तर या वर्षी खरेदी नाही.

माळ्याची लेक

प्रस्तावात मशीन आहे, गवत आहे, वॉरंटी आहे. माळ्याच्या दिवसांचं कलम दिसलं नाही. ते घालून पुन्हा टाका, मग मी आमच्या सोसायटीतही हाच मसुदा वापरते.