मदत हवी आहे: स्वेच्छेने नोकरी सोडल्यावर ईएसआयचा (कामगार राज्य विमा) बेकारी भत्ता मिळतो का?

नमस्कार मंडळी. माझे मिस्टर नाशिकच्या अंबड एमआयडीसीत १४ वर्षं सीएनसी मशीनवर होते. गेल्या महिन्यात कंपनीने माणसं कमी करायची म्हणून जादा पैसे देऊन स्वेच्छेने जायला सांगितलं. यांनी सही केली. नाही म्हणायची सोय होती कुठे?

ईएसआयच्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत नोकरी गेल्यावर सरासरी रोजच्या कमाईच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस मदतीची तरतूद आहे. तीही आयुष्यात एकदाच. पण स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांना ती नाही. आमच्या पत्रावर ‘परस्पर संमतीने कार्यमुक्त’ असं टाइप केलंय, खाली यांची निळ्या शाईतली सही. ही स्वेच्छानिवृत्तीच धरतात का?

सातपूर-अंबडच्या कुणी अशा पत्रावर अर्ज केलाय का? कंपनीकडून आता कामगार कपातीचं पत्र मागता येईल का? मुलीची फी तोंडावर आलीय, कृपया सांगा.