लँगॉर्स तळं: गाडी नाही, सोबत आई. जमेल का?

भटकी_मंजू: कार्डिफला बहिणीकडे आलेय. दक्षिण वेल्समधलं सगळ्यात मोठं नैसर्गिक तळं लँगॉर्स गावाशी आहे म्हणे. आई सत्तरीची, सपाटीवर खुशाल चालते, चढ मात्र नको. होड्यांशिवाय तिथे काही आहे का?

काठावरचा: मंजूताई, होड्या सोडाच, ते बेट बघा! उत्तर काठापासून जेमतेम चाळीसेक मीटरवर झाडीचा एक पुंजका दिसतो. लोक त्याच्याकडे पाठ करून आइस्क्रीम खातात. ते माणसांनी दगड, फांद्या आणि ओकच्या फळ्या रचून केलेलं बेट आहे, क्रॅनॉग. वेल्समध्ये असं दुसरं सापडलेलं नाही. लाकडातली वर्तुळं मोजून काळ निघाला ८८९ ते ८९३. ब्रेखेनिओग या तेव्हाच्या इथल्या छोट्या वेल्श राज्याच्या राजाचं हे ठाणं. ९१६ साली मर्सिया या इंग्लंडमधल्या राज्याची राज्यकर्ती एथेलफ्लेड हिच्या सैन्यानं ते मोडलं आणि इथल्या राजाच्या राणीसकट ३४ जणांना धरून नेलं. त्या काळात बाईनं पाठवलेलं सैन्य, हे आईंना जरूर सांगा.

चालायचं तर गावाजवळच्या माळावरून पश्चिम काठानं लँगॅस्टीच्या चर्चकडे जा. कुरणातली सपाट वाट आहे, जवळच पक्षी बघायला आडोसा आहे. पाऊस झाला असेल तर चिखल ठरलेला, चांगले बूट हवेत. तळ्याला पूर्ण फेरी मारायची वाट नाही, तेव्हा त्याच वाटेनं परत.

डोंगरवेडा: एवढं जाताय तर कॅस्टेल डिनास करा. लोहयुगातल्या तटबंदीच्या आत नॉर्मन किल्ला, उंची ४५० मीटर!

काठावरचा: अहो, आईंना चढ नको, हे वरच लिहिलंय. त्यापेक्षा जवळच्या ब्रेकन गावातलं संग्रहालय बघा. १९२५ साली याच तळ्यात सापडलेली, एका खोडातून कोरलेली होडी तिथली आहे.

भटकी_मंजू: बेटावर उतरता येतं का? आणि पोचायचं कसं?

काठावरचा: उतरायचं नाही, काठावरूनच बघायचं. ट्रेननं अ‍ॅबरगव्हेनी, तिथून ब्रेकनची बस, बुल्ख गावी उतरा. पुढच्या तीनेक मैलांसाठी टॅक्सी आदल्या दिवशीच सांगून ठेवा, तिथे रस्त्यावर हात केला तर मेंढ्याच थांबतील. रविवार टाळा. आणि परतीच्या टॅक्सीचंही त्याच फोनवर ठरवून घ्या.