न्यूझीलंड साउथ आयलंड, कॅम्परव्हॅन आणि पाऊस: आईबाबांना घेऊन जावं की प्लॅन बदलावा?

मुलुंडची_अनु

नमस्कार मंडळी, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पाच जण साउथ आयलंडला निघतोय, मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि माझे आईबाबा (बाबा ६८, मागच्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालंय). सहा बर्थची व्हॅन क्राइस्टचर्चला घ्यायची, आर्थर्स पास ओलांडून वेस्ट कोस्टला उतरायचं, मग होकिटिका, फ्रान्झ जोसेफ, हास्ट पास, वानाका, क्वीन्सटाउन, मिलफर्ड साउंड (डोंगरांमध्ये शिरलेली समुद्राची खाडी) आणि परत क्वीन्सटाउनला येऊन व्हॅन द्यायची असा ९ रात्रींचा प्लॅन आहे. दहाव्या दिवशी सकाळी फ्लाइट.

आता तिकडे राहणारी एक मैत्रीण म्हणाली की अगं त्या बाजूला आठवडा आठवडा पाऊस थांबत नाही, व्हॅनमध्ये कोंडून बसाल. तेव्हापासून झोप उडालीय. नवऱ्याने माळशेज, वरंधा भर पावसात इनोव्हाने केलेत पण एवढं मोठं धूड कधी चालवलं नाहीये. आई म्हणते पाऊस लागला तर मी आत पिठलं-भात करेन, त्यात काय, आणि बाबांनी आत्ताच भिंतीवर नकाशा लावलाय त्यामुळे त्यांना नाही म्हणवत नाही. व्हॅन ठेवावी की हॉटेलं बुक करावी? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी प्लीज सांगा.

क्राइस्टचर्चवासी

अनुताई, व्हॅन ठेवा. माझ्या आईबाबांना मी दोनदा याच रस्त्याने नेलंय आणि दोन्ही वेळा पाऊस होता. पण तुमचा प्लॅन मात्र बदला, आणि तो पावसामुळे नाही तर त्या दहाव्या दिवसाच्या सकाळच्या फ्लाइटमुळे.

इथलं गणित आपल्या सह्याद्रीसारखंच आहे. समुद्रावरून पश्चिमेचा वारा येतो, सदर्न आल्प्स या डोंगररांगेला आपटतो आणि सगळं पाणी अलीकडेच टाकून मोकळा होतो. क्राइस्टचर्चला वर्षाला ६०० मिमीच्या आसपास पाऊस, आणि मिलफर्डला ६,००० च्या वर, म्हणजे आपल्या महाबळेश्वर-आंबोलीच्या पंगतीतला. फरक एवढाच की आपल्याकडे तो चार महिन्यांत उरकतो, इथे बारा महिने कधीही येतो. त्यामुळे "पाऊस नसेल ते दिवस" शोधत बसू नका.

खरी अडचण अशी की तिकडे रस्ता एकच आहे. २०१९ च्या मार्चमध्ये फ्रान्झ जोसेफजवळचा वायहो नदीवरचा पूल पुरात वाहून गेला, नवीन बेली ब्रिज (तयार भाग जोडून उभारलेला लोखंडी पूल) उभा करून रस्ता सुरू व्हायला १८ दिवस लागले. हास्ट पासवर २०१३ मध्ये डायना फॉल्सजवळ मोठी दरड आली होती, त्यानंतर कित्येक महिने रात्री रस्ता बंदच ठेवायचे. २०२० च्या फेब्रुवारीत मिलफर्डचा रस्ता जागोजागी वाहून गेला आणि पर्यटक तिथेच अडकले. असं दर आठवड्याला होत नाही, घाबरवत नाहीये, पण अर्धा दिवस, एक दिवस रस्ता बंद ही नेहमीची गोष्ट आहे, आणि हास्ट बंद म्हणजे उलटं फिरून आर्थर्स पासवरून वळसा, त्यात दोन दिवस जातात.

म्हणून माझं म्हणणं, दोन रात्री रिकाम्या ठेवा. एक वेस्ट कोस्टला, एक 'ते आनाऊ'ला, म्हणजे मिलफर्डच्या अलीकडच्या गावाला. त्यासाठी वानाका गाळावं लागलं तर गाळा, वाईट वाटेल पण गाळा. व्हॅन परत द्यायची तारीख आणि फ्लाइट यात एक पूर्ण दिवस हवाच. घाटात वाईट ड्रायव्हिंग होतं ते पावसामुळे कमी आणि "आज पोचायलाच हवं" यामुळे जास्त, हे मी इतक्या वेळा बघितलंय.

आणि मिलफर्ड पावसातच बघा! कोरड्या दिवशी तिथे मोजके कायमचे धबधबे असतात, बोवेन आणि स्टर्लिंग हे मोठे. धो धो पाऊस झाला की कड्यांवरून शेकडो सुटतात. माझे बाबा बोटीच्या डेकवर रेनकोट घालून दोन तास उभे होते, आत यायलाच तयार नव्हते.

घाटाचा_राजा_नाशिक

ड्रायव्हिंगबद्दल मी सांगतो, २०२३ ला ७ मीटरची व्हॅन चालवलीय तिथे, आणि पावसातच.

माळशेजचा अनुभव कामाला येईल पण इनोव्हाची सवय विसरायची. व्हॅनचं वजन वर असतं, वळणात ती आधी झुकते मग वळते. ऑटोमॅटिक असली तरी उतारावर गिअर हाताने खाली घ्यायचा आणि इंजिनवर उतरवायची, सतत ब्रेकवर पाय ठेवला तर जळका वास येतो, आणि तो आला म्हणजे उशीर झालेला असतो. आर्थर्स पासवरून ओटिराकडे उतरताना हे पहिल्याच दिवशी लागणार आहे. गाडी साडेतीन टनांवरची असेल तर लिमिट ९० चं, पण पावसात तिथे ६० सुद्धा पुष्कळ झालं. मागे तीन-चार गाड्या साचल्या की जागा बघून डावीकडे घ्यायची आणि त्यांना जाऊ द्यायचं, तिथे हे लोक फार मानतात.

सिंगल लेन पूल खूप आहेत. पाटीवर तुमचा बाण लाल आणि छोटा असेल तर तुम्ही थांबायचं. पावसात पाटी उशिरा दिसते म्हणून नवऱ्याच्या शेजारी बसेल त्याने फक्त पाट्या वाचायच्या, फोन बघायचा नाही.

मिलफर्डच्या वाटेवर होमर टनेल आहे, १९५४ ला सुरू झालेला, सव्वा किलोमीटरच्या आसपास, आत कातळ तसाच उघडा, छतातून पाणी टपकतं आणि मिलफर्डकडे सरळ उतार, १० ला १ चा. सिग्नलला थांबावं लागलं तर तिथे किया नावाचे हिरवे पोपट येतात, दिसायला गोड पण वायपरचं रबर ओढून काढतात. पावसात वायपर गेला तर काय होईल विचार करा. खायला अजिबात घालू नका, एक जण खाली उतरून गाडीपाशी उभा राहू दे.

ते आनाऊला डिझेल फुल करा, पुढचे १२० किमी पंप नाही, नेटवर्कही नाही. निघायच्या आधी तिथल्या रस्ते खात्याचा, म्हणजे एनझेडटीएचा, जर्नी प्लॅनर आणि हवामान खात्याचा, म्हणजे मेटसर्व्हिसचा, अंदाज दोन्ही बघायचे. डिसेंबरमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो त्यामुळे सकाळी जोराचा असेल तर चहा करून बसा, दुपारी निघालात तरी चालतं.

सुमेधा_ऑकलंड

दोघांनी रस्त्याचं सांगितलं, मी आतलं सांगते कारण पाच माणसं, ओले कपडे आणि बंद खिडक्या यातच ट्रिप बिघडते.

आईंना सांगा कुकर नेऊ नका. आम्ही पहिल्या रात्री हौसेने वरणभाताचा कुकर लावला, तीन शिट्ट्या झाल्या आणि दहा मिनिटांत काचांवरून पाणी ओघळायला लागलं, रात्री उशा दमट, सकाळी कुबट वास. ओला दमटपणा एकदा गादीत शिरला की निघत नाही. नंतर मी हॉलिडे पार्कच्या (व्हॅन लावून राहायची जागा) कॉमन किचनमध्ये स्वयंपाक करायला लागले, तिथे गॅस, सिंक सगळं असतं. व्हॅनमध्ये फक्त चहा आणि पोहे. गॅस चालू असताना छताची झडप थोडी उघडी हवीच, आणि ऊब यावी म्हणून शेगडी पेटवून अजिबात बसू नका, जीव जाऊ शकतो. वेस्ट कोस्टला रोज पॉवर्ड साइट (वीज जोडता येते अशी जागा) घ्या म्हणजे रात्री विजेचा हीटर चालतो, ओले रेनकोट टॉयलेटमध्ये टांगा, तिथून पाणी खाली जातं. दारात एक जुना टॉवेल, बूट दाराबाहेर ठेवू नका, टबात ठेवा.

बाबांसाठी दोन गोष्टी. व्हॅनची पायरी उंच असते आणि ओली झाली की घसरते, व्हॅन घेताना एक्स्ट्रा स्टूल मागून घ्या. आणि झोपायला त्यांना मागचा खालचा बेड, ड्रायव्हरच्या डोक्यावरचा लेकीला.

बुकिंग करताना जागा खडीची मागा, गवताची नको. आमची व्हॅन भिजलेल्या गवतात रुतली होती, ट्रॅक्टरने काढली. आणि ताब्यात घेतानाच छताच्या झडपेवर बाटलीने पाणी ओतून बघा. आम्हाला दिलेल्या व्हॅनची झडप गळत होती, तक्रार केली तर म्हणाले पाऊस थांबला की बघू, चार रात्री खाली पातेलं ठेवून झोपलो. मला अजून राग आहे त्याचा.

हो, आणि भाजणी, गोडा मसाला, लोणचं जे काही नेणार ते न्यूझीलंडमध्ये शिरतानाच्या फॉर्मवर डिक्लेअर करा. न सांगता सापडलं तर जागेवर ४०० डॉलर दंड.

मुलुंडची_अनु

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खरंच आभार. काल रात्री बसून बदललं. फ्लाइट एक दिवस पुढे ढकलली, वानाकाचे दोन मुक्काम काढले, एक रात्र फ्रान्झ जोसेफला वाढवली आणि एक ते आनाऊला. बाबांनी नकाशावरची वानाकाची टाचणी स्वतः काढली. आईने कुकरवर वाद घातला पण काचा ओघळल्याचं वाचून दाखवलं तेव्हा गप्प झाली, आता छोटी कढई नेतोय.

एकच विचारायचं राहिलं, मिलफर्डलाच रात्र काढावी की ते आनाऊहून जाऊन यावं?

क्राइस्टचर्चवासी

मिलफर्डला व्हॅनसाठी एकच लॉज आहे, डिसेंबरमध्ये आधी बुक केलं नसेल तर मिळणं अवघड. आजच बघा. मिळालं तर नक्की राहा, संध्याकाळी बसेस परत गेल्या की फक्त पाण्याचा आवाज असतो. नाहीच मिळालं तर कॅस्केड क्रीकला डॉकचा (तिथलं निसर्ग संवर्धन खातं) कॅम्प आहे, टनेलच्या अलीकडे, वीज नाही पण सकाळी गर्दीच्या आधी पोचता. फक्त जोराच्या पावसाचा इशारा असेल त्या रात्री तिथे थांबू नका, ते आनाऊलाच राहा.